कोंबडी विकायला गेलेला उमेदवार

चि. ताईस,


तुझा मेसेज वाचला. एवढ्याशा फोनवर उत्तर टाइप करायला माझी बोटं राजी नाहीत आणि प्रश्नही दोन ओळींत मावणारा नाही, म्हणून हे पत्र. तू लिहिलंस, "आजोबा, पूर्वी सगळं जन्मावर ठरायचं, आता पेपरवर ठरतं. मग पेपरात कमी पडले तर दोष माझाच, नाही का?" स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिकेत रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या मुलीला हा प्रश्न पडणारच. पण त्यातलं एकही वाक्य मला जसंच्या तसं मान्य नाही. जन्मभर इतिहास शिकवला, तेव्हा उत्तरही इतिहासातूनच देणार. कंटाळलीस तर मधली पानं सोड.

आधी 'पूर्वी सगळं जन्मावर' याबद्दल. इटलीतलं पॉम्पेई शहर इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, हे तुला ठाऊक आहे. त्याआधी, इ.स. 62 मध्ये, तिथे मोठा भूकंप झाला होता आणि त्यात इसिस देवीचं देऊळ पडलं होतं. ते पायापासून पुन्हा उभारलं नुमेरियस पोपिडियस सेल्सिनस नावाच्या नागरिकाने, स्वखर्चाने. खूश होऊन नगरसभेने त्याला एक पैसा न घेता सभासद करून घेतलं, असा तिथला शिलालेख सांगतो. या दानशूर गृहस्थाचं वयही त्यात कोरलेलं आहे : सहा वर्षं.

सहा वर्षांच्या पोराकडे देऊळ बांधायला पैसा कुठून आला? अर्थात बापाकडून. बाप अँप्लिएटस हा मुक्त झालेला गुलाम होता. रोमन कायद्यात रीतसर मुक्त केलेला गुलाम नागरिक होई, व्यापार करी, गडगंजही होई. पण नगरसभेची पायरी त्याला बंद. मुक्ततेनंतर जन्मलेल्या त्याच्या मुलाला मात्र ती खुली. म्हणून बापाने पोराच्या नावावर देऊळ बांधलं आणि स्वतःला न मिळणारी खुर्ची दुधाचे दात न पडलेल्या मुलाला मिळवून दिली. लॅटिनमधला थोर कवी होरेस हाही मुक्त गुलामाचाच मुलगा. त्याचा बाप लिलावातली वसुली करायचा आणि त्या कमाईवर त्याने पोराला रोमला नेऊन बड्या घरच्या मुलांच्या तोडीचं शिक्षण दिलं. इ.स. 193 मध्ये काही महिने रोमचा सम्राट झालेला पर्टिनॅक्सदेखील अशाच बापाचा मुलगा होता. तेव्हा जन्माने सगळं ठरायचं असं नाही. बरंचसं ठरायचं, आणि फटीही होत्या. त्या फटींतून निसटलेला माणूस हाती पैसा आला की स्वतःसाठी गुलामच विकत घेई. एकेक जण वर जात राहिला, गुलामगिरी जागची हलली नाही.

आपल्याकडचा दाखला हवा तर खुलताबादला जा. मलिक अंबर तिथे पुरलेला आहे. इथिओपियात जन्मलेला हा मुलगा बाजारात विकला जात जात दख्खनला आला आणि निजामशाहीच्या पेशव्याने, चंगेजखानाने, त्याला विकत घेतलं. हा चंगेजखानही मूळचा हबशी गुलामच. पुढे मलिक अंबर स्वतः निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, त्याने मोगलांना वर्षानुवर्षं दमवलं आणि 1610 मध्ये खडकी नावाचं शहर वसवलं. परक्या मुलखातल्या गुलामाला दरबाराने एवढं वर का येऊ दिलं, हा प्रश्न मी वर्गात दर वर्षी विचारायचो. त्याला इथे भाऊबंद नाहीत, वतन नाही, सोयरे नाहीत. तो ज्याचं मीठ खातो त्याच्यावरच अवलंबून. रोमच्या क्लॉडियस सम्राटाने सिनेटमधल्या खानदानी मंडळींना बाजूला सारून नार्सिसस आणि पॅलास या मुक्त गुलामांच्या हाती कारभार दिला, तोही याच हिशेबाने. खालच्या माणसाला वर घेणं ही पुष्कळदा वरच्याची गरज असते. औदार्य म्हणून ते नंतर लिहिलं जातं.

आता तुझ्या पेपराकडे येतो. माणसाची पायरी लेखी परीक्षेवर ठरवायचा सर्वांत लांब प्रयोग चीनने केला. स्वै राजवटीत, इ.स. 605 च्या सुमारास तो सुरू झाला आणि 1905 मध्ये संपला. तेराशे वर्षं. तिथल्या राजांचाही हेतू तोच होता. सरदार घराण्यांच्या हातातला कारभार काढून, सर्वस्वी राजावर अवलंबून असलेल्या माणसांकडे तो द्यायचा. सुरुवातीची तीन-चारशे वर्षं त्यात शिफारशी चालत, परीक्षकाला नाव दिसत असे, आणि बडी घराणी बडीच राहिली. सोंग राजवटीने मात्र दहाव्या शतकाच्या अखेरीपासून कमालच केली. उत्तरपत्रिकेवरचं नाव कागद चिकटवून झाकायचं. तेवढ्यानेही समाधान नाही, कारण परीक्षक हस्ताक्षर ओळखेल. म्हणून कारकुनांनी प्रत्येक उत्तरपत्रिका नकलून काढायची आणि परीक्षकाने ती नक्कल तपासायची. तुमच्या उत्तरपत्रिकेवर बारकोड चिकटण्याच्या हजार वर्षं आधीची ही गोष्ट. शेवटची परीक्षा राजवाड्यात आणि परीक्षक स्वतः सम्राट, म्हणजे उत्तीर्ण झालेल्याने उपकार मानायचे ते सम्राटाचेच. मला या व्यवस्थेचं आजही मनापासून कौतुक आहे. ते आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी तिची उणीदुणी काढणार आहे.

मिंग आणि चिंग काळात परीक्षेच्या तीन मोठ्या पायऱ्या होत्या. जिल्हा पातळीची परीक्षा पार करणारा तो शिउत्साय. दर तीन वर्षांनी प्रांताच्या राजधानीत होणारी परीक्षा पार करणारा च्युरेन. पेकिंगला जाऊन शेवटची पार केली तर चिन्शी, म्हणजे मोठ्या अधिकाराचा मार्ग मोकळा. प्रांताच्या परीक्षेत शंभरात जेमतेम एखादा पास होई. नानचिंगच्या परीक्षागृहात पुढे पुढे वीस हजारांवर खोपट्या होत्या, एकाच्या वाट्याला एक. खोपटीत दोन फळ्या. दिवसा एक बसायला आणि एक लिहायला, रात्री दोन्ही जोडून झोपायला. प्रत्येकाने भांडंकुंडं, शिधा, अंथरूण, मेणबत्त्या स्वतः आणायच्या. अशा तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत रात्री तिथेच काढायच्या. दारात झडती होई, तरी अस्तरावर मुंगीएवढ्या अक्षरांत उतारे लिहिलेले अंगरखे आजही संग्रहालयांत बघायला मिळतात. कॉपीचं शास्त्रही जुनंच आहे.

या परीक्षेवर वू चिंगत्स नावाच्या माणसाने अठराव्या शतकात एक कादंबरी लिहिली. त्यातला फान चिन तुझ्या अभ्यासिकेतल्या सगळ्यांना भेटावा असा आहे. पन्नाशी ओलांडल्यावर तो एकदाचा शिउत्साय होतो. सासरा खाटीक. प्रांताच्या परीक्षेला जायला पैसे मागितले तर सासरा त्याची लाज काढतो, तोंड बघ आरशात, म्हणतो. फान चिन गुपचूप जाऊन परीक्षा देऊन येतो. घरात तोवर चूल पेटलेली नसते. म्हातारी आई सांगते, अंडी देणारी कोंबडी आहे ती विक आणि तांदूळ आण. तो कोंबडी काखेत मारून बाजारात हिंडत असताना घोड्यांवरून निकालाची वर्दी घेऊन लोक दारात येतात. शेजारी धावत जाऊन त्याला सांगतो, तर हा म्हणतो, चेष्टा नको, मला कोंबडी विकायची आहे. घरी येऊन भिंतीवरची वर्दी वाचतो, टाळ्या पिटून हसतो आणि वेडा होतो. गावभर धावत सुटतो, चिखलात पडतो. कुणीतरी उपाय सुचवतं, की ज्याला हा घाबरतो त्याने एक थोबाडीत द्यावी. म्हणजे खाटीक सासरा. कालपर्यंत शिव्या घालणारा सासरा आता घाबरतो, हा तर आभाळातला तारा, याला मारू कसा? शेवटी दारू पिऊन धीर करतो आणि एक लगावतो. जावई शुद्धीवर येतो, सासऱ्याचा हात मात्र दुखत राहतो. संध्याकाळपर्यंत गावातला जमीनदार चांदी आणि राहायला घर घेऊन हजर.

हसू येतं खरं, पण सकाळी तांदूळ नव्हते आणि संध्याकाळी घर मिळालं, यामध्ये फान चिनची अक्कल तसूभरही वाढलेली नव्हती, हेही बघ. वू चिंगत्सला नेमकं तेवढंच दाखवायचं होतं, असं मला वाटतं.

आता आकडे, कारण तुला आकडे आवडतात. पिंग-ती हो या इतिहासकाराने 1962 मध्ये मिंग-चिंग काळातल्या हजारो चिन्शींच्या मागच्या तीन पिढ्या तपासल्या. ज्यांच्या बाप, आजा, पणजा यांपैकी कुणाकडेच पदवी नव्हती असे मिंग काळात जवळपास निम्मे निघाले. चिंग काळात मात्र वीस टक्क्यांच्याही खाली. दोन्ही आकडे डोक्यात ठेव. त्या काळी जगात असं दुसरीकडे कुठे होतं? आणि तरीही, नियम तेच असताना वाट अरुंद का होत गेली?

एक कारण साधं आहे. अठराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत चीनची लोकसंख्या दुपटीहून अधिक वाढली, चाळीस कोटींच्या पुढे गेली. जागा त्या मानाने वाढल्या नाहीत. अडीचशेहून अधिक वर्षांच्या चिंग राजवटीत मिळून चिन्शी झाले ते सव्वीस-सत्तावीस हजार. तेव्हा 1840 साली नापास झालेला माणूस 1640 च्या माणसापेक्षा मठ्ठ होता असं कुणी म्हणू नये.

दुसरं कारण हो यांच्या टीकाकारांनी दाखवलं. त्यांनी विचारलं, बाप-आजा बघितलात, पण चुलता? मामा? सासरा? ज्याच्या सरळ वंशात पदवी नव्हती त्याचा चुलता पुष्कळदा अधिकारी निघे, मामाकडे जमीन निघे. परीक्षेसाठी जी पुस्तकं पाठ करावी लागत त्यांत एकूण चार लाखांवर अक्षरं होती. दिवसाला दोनशे केली तरी पाच-सहा वर्षं नुसत्या घोकंपट्टीला, आणि ती वर्षं मुलाने शेतात उतरायचं नाही. ही वर्षं कुणीतरी विकत घ्यावी लागत. फान चोंगयान नावाचा गरीब विधवेचा मुलगा पेजेवर दिवस काढून 1015 मध्ये चिन्शी झाला आणि मंत्रिपदापर्यंत पोहोचला. मोठा झाल्यावर त्याने सुचौमध्ये आपल्या कुळासाठी शेतजमीन राखून ठेवली, तिच्या उत्पन्नातून कुळातल्या घरांना धान्य आणि पुढे मुलांच्या शिक्षणालाही मदत मिळू लागली. ती व्यवस्था नऊशे वर्षं टिकली. इतर कुळांनीही तिचं अनुकरण केलं. चांगलंच केलं, पण फक्त आपल्या कुळापुरतं. शेजारच्या गरिबाचा मुलगा खोपटीत एकटा बसे आणि या कुळातल्या मुलाच्या मागे अख्खी शेती बसलेली असे. कारकुनाने नकललेल्या उत्तरपत्रिकेत यातलं काहीच दिसत नाही.

तुझा काका सोयाबीन आणि दोन म्हशी सांभाळतो म्हणून तुझ्या मेसचे पैसे दर महिन्याला जातात. तो हो साहेबांच्या तक्त्यात बसला नसता.

आणि ज्यांना दारातही उभं केलं नाही ते वेगळे. बायका तर मुळातच नाहीत. गुलाम, नट, वेश्यावस्तीतली घरं, कचेरीतले शिपाई-प्यादे यांच्या मुलांना अर्ज करता येत नसे, आणि अर्जात तीन पिढ्यांची नावं लिहावीच लागत. 1723 मध्ये युंगचंग सम्राटाने काही हीन मानलेल्या जमातींवरचा शिक्का कागदावर पुसला. पण पुढच्या कारकिर्दीत नियम आला, की शिक्का पुसला तरी परीक्षेला बसायला मधल्या पिढ्या जाऊ द्याव्या लागतील. पॉम्पेईच्या अँप्लिएटसला एकच पिढी थांबावं लागलं होतं.

तुमच्या अभ्यासिकेत चहाच्या टपरीवर आरक्षणावरून वाद होतात, हे तूच सांगितलंस. वाद घालणाऱ्यांना 1397 सालची हकीकत सांग. त्या वर्षी चिन्शींच्या यादीत सगळेच्या सगळे दक्षिणेचे आले. उत्तरेकडे ओरड झाली, की परीक्षक दक्षिणेचा आहे, लबाडी आहे. सम्राटाने फेरतपासणी करवली. तपासणाऱ्यांनी सांगितलं, लबाडी नाही, दक्षिणेचेच पेपर चांगले आहेत. यावर मिंग सम्राट हुंगवूने काय करावं? तपासणाऱ्यांपैकी अनेकांना ठार मारलं, वृद्ध मुख्य परीक्षकाला हद्दपार केलं आणि स्वतः परीक्षा घेऊन दुसरी यादी लावली, तीत एकूण एक उत्तरेचे. क्रूर आणि अन्यायी होता तो, यात वादच नाही. पण त्याला एक गोष्ट कळली होती. यांगत्सेच्या खोऱ्यात भात मुबलक, छापखाने, शाळा, आणि उत्तर मात्र शतकानुशतकांच्या लढायांनी उजाड. पेपर खरे होते आणि यादी तरीही राज्याला परवडणारी नव्हती. तीसेक वर्षांनी दरबाराने शांतपणे प्रमाण ठरवून दिलं : शंभरात दक्षिणेचे 55, उत्तरेचे 35, मधल्या प्रांतांचे 10. माझ्या मते तेराशे वर्षांतला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय.

तू देतेस ती परीक्षा या सगळ्याची लांबची नातेवाईकच आहे. इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या मुलकी नोकरीसाठी 1855 पासून खुली स्पर्धा परीक्षा घ्यायला सुरुवात केली, तेव्हा विलायतेतल्या वादात चीनचं नाव दोन्ही बाजूंनी घेतलं जात होतं. 1863 मध्ये सत्येंद्रनाथ टागोर ती पास होणारे पहिले हिंदी ठरले. त्यांची नोकरी आपल्याच मुंबई इलाख्यात झाली. पण परीक्षा व्हायची लंडनला. हिंदुस्थानात ती घ्यायला 1922 साल उजाडलं. मधल्या काळात, 1870 च्या दशकात, कमाल वयाची अट 19 वर आणून ठेवली. सगळ्यांना खुली होतीच की, फक्त आगबोटीचं भाडं अभ्यासक्रमात नव्हतं.

आता दोषाबद्दल. नापास झालेल्यांत कोण कोण होतं, तेही बघ. पू सोंगलिंग हा पहिल्या पायरीवर ऐन तारुण्यात पहिला आला आणि प्रांताची परीक्षा म्हातारपणापर्यंत देत राहिला. पास कधीच झाला नाही. लोकांच्या घरी शिकवण्या करून पोट भरलं आणि मधल्या वेळात भुताखेतांच्या, कोल्हिणींच्या शेकडो कथा लिहिल्या. त्या आज जगभर वाचतात. त्याच्या वर्षी पास झालेल्यांची नावं मला सांगता येणार नाहीत. दुसरा हुंग शिउच्युआन, ग्वांगचौचा. तो वारंवार नापास झाला, तिसऱ्या वेळी तापाने फणफणून त्याला दृष्टांत झाले, आणि 1843 च्या शेवटच्या अपयशानंतर आपण येशूचे धाकटे भाऊ आहोत असं त्याने ठरवलं. त्यातून उठलेलं ताइपिंग बंड 1864 पर्यंत चाललं आणि दोनेक कोटी माणसं मेली. बंडाला दुष्काळ, जमीन, जातपातीसारखी भांडणं अशी पुष्कळ कारणं होती, एका नापास मुलाने ते घडवलं असं नाही. पण 1853 मध्ये नानचिंग काबीज केल्यावर या बंडखोरांनी स्वतःच्या परीक्षा सुरू केल्या, याचं मला फार हसू येतं आणि वाईटही वाटतं.

आणि जो पास झाला त्याचं? शान्शी प्रांतातला ल्यू तापेंग 1894 मध्ये च्युरेन झाला. अकरा वर्षांनी परीक्षाच बंद. त्याची शिकवणीची नोकरी गेली, त्याने कोळशाच्या छोट्या खाणीत हात घातला, म्हातारपणी शेत कसलं आणि दशकानुदशकं रोजनिशी लिहिली. त्या रोजनिशीमुळेच तो आज ओळखला जातो.

तेव्हा ताई, दोष तुझाच का, याचं माझं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते आजोबाचं लाडाचं उत्तर नाही. अभ्यास तुझा, तो कमी पडला तर तुझाच. जागा किती निघाल्या, जाहिरात केव्हा आली, शेजारच्या टेबलावरच्या मुलीच्या घरी काय होतं, तुझ्या घरी काय नव्हतं, हे तुझं नाही. यादी ही दोन्ही एकत्र करून एकच आकडा लावते. तो आकडा नोकरी देण्यापुरता ठीक आहे, माणूस जोखायला नाही. पू सोंगलिंगसारखं म्हातारपणापर्यंत मात्र देत बसू नकोस. थांबायचं वर्ष आत्ताच, डोकं शांत असताना ठरव आणि मला कळव. तोवर आम्ही कुणी विचारणार नाही.

पास झालीस तर गावात बॅनर लागेल, जीपमधून मिरवणूक निघेल, आजवर ओळख न दाखवणारे पेढे घेऊन येतील. पेढे घे. पण पहिला सत्कार काकाचा करायला लाव. आणि पुढे खुर्चीत बसल्यावर वसतिगृहाच्या दुरुस्तीची, शिष्यवृत्तीच्या थकलेल्या हप्त्यांची, तालुक्याच्या वाचनालयाच्या अनुदानाची फाइल टेबलावर येईल. ती ढिगाच्या तळाशी जाऊ देऊ नकोस. त्याच दिवशी सही कर.

तुझा,
आजोबा